अंगठी टिकली तर टोक

गुरुवारी संध्याकाळी चहाच्या वेळेला फोन वाजला आणि पलीकडून तो नेहमीचा खरखरीत आवाज आला, "वेन बाबा? बाबा किधर?" माझ्या एका हातात खारी होती, दुसरा हात ऑफिसच्या मेलवर होता आणि फोन कान-खांद्याच्या सांदीत. अशा अवस्थेत माणूस जे सवयीने बोलतो तेच मी बोललो, "बाबा सो रहे हैं. उठते ही बोलता हूँ." "यल्ला, गाडी भेजता हूँ," असं म्हणून पलीकडून फोन ठेवलासुद्धा. मी खारी चहात बुडवली, ती विरघळून तळाला गेली, आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की आपण काय बोलून बसलो... बाबा म्हणजे माझे सासरे. त्यांना जाऊन महिना होत आला होता. त्यांना चंद्रपूरला नेऊन, सगळं पार पाडून आम्ही दोह्याला परतही आलो होतो.

स्वयंपाकघराच्या दारात माझी बायको वैशाली हातात गाळणं घेऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"सांगितलं का नाहीस त्यांना?"

"तोंडातून गेलं गं. आता गाडी येतेय."

"मग बस गाडीत," ती म्हणाली. "आणि सांग, उठले नाहीत म्हणून."

फोन होता अबू नासर यांचा. मी हमद पोर्टवर ज्या कंपनीत कंटेनरचं नियोजन बघतो, तिचे मालक नासर, आणि हे त्यांचे वडील. अबू नासर म्हणजे नासरचा बाप. त्यांचं खरं नाव वेगळं आहे, पण इकडे बापाला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. बाबांना ही पद्धत ऐकताक्षणी पटली होती. "आपल्याकडं पोट्टं बापाच्या नावानं वळखतेत, इथं बाप पोट्ट्याच्या. बरं हाय, पोट्टं जरा सांभाळून राह्यते," असं म्हणून त्यांनी त्या गृहस्थांचं 'अबूजी' करून टाकलं. तर हे अबूजी गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी परदेशात असतानाच इकडे बाबा गेले. "तिकडे हॉस्पिटलात कशाला सांगायचं, आले की मी बघतो," असं नासर मला म्हणाले होते. ते त्यांच्याने झालेलं दिसत नव्हतं. आणि आता मी खारी खाता खाता ते काम आणखी अवघड करून ठेवलं होतं.

बाबा वनखात्यातून रेंजर म्हणून निवृत्त झालेले. त्यांचे वडील शिकारीवर बंदी येण्याआधीच्या काळातले, पंचक्रोशीत नाव असलेले शिकारी. "बाप मारत होता, मी राखत होतो. मोजत दोघंही होतो," असा आपल्या घराण्याचा इतिहास ते दोन दमांत संपवत. सासूबाई गेल्यावर ते चंद्रपूरला एकटेच राहत. मग एकदा न्हाणीत पडले, आणि वैशाली विमानाने गेली ती बापाला घेऊनच परत आली. यायला ते अजिबात तयार नव्हते. "तुह्या दोह्यात पाहण्यासारखं काय हाय व? रेतीच ना?" यावर तिने "एसी आहे" असं उत्तर दिलं होतं. हे उत्तर कोणत्या प्रश्नाचं, ते मला अजून कळलेलं नाही, पण बाबा आले.

बिन महमूदमधल्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत ते बसून असत. खाली पार्किंग, समोर दुसऱ्या इमारतीच्या बाल्कन्या आणि त्यांत वाळत घातलेले कपडे. झाड म्हणाल तर कोपऱ्यावरच्या रेस्टॉरंटच्या दाराशी खजुराची जोडी. त्यातलं एक प्लास्टिकचं आहे हे बाबांनी तिसऱ्या मजल्यावरून ओळखलं. मी वर्षभर त्याच्याच सावलीत गाडी लावत होतो. घरात वैशालीची शिस्त कडक होती. सोफ्यावर बसायचं, लिफ्टनेच जायचं, हात धरल्याशिवाय चालायचं नाही, पुन्हा पडलात तर याद राखा. बाबा "हो माय" म्हणत आणि ऐकत. पण बोलणं कमी कमी होत गेलं. मी कामावरून आलो की एक प्रश्न ठरलेला, "किती डबे मोजले आज, जावईबुवा?" कंटेनरला ते डबे म्हणत. "डबे मोजायले इंजिनेर लागते का बाप्पा?" मी हसायचो. वैशाली हसत नसे. एकदा गाडीत ती म्हणाली, "मी त्यांना रानातून उपटून कुंडीत लावलंय रे. जीव धरला तर बरं."

मग ईद आली. नासरनी ऑफिसच्या लोकांना घरच्या मजलिसमध्ये, म्हणजे पुरुषमंडळींच्या बैठकीच्या खोलीत, बोलावलं. मी बाबांना बरोबर नेलं. त्यांना बरं वाटावं म्हणून नेलं असं घरी सांगितलं. खरं म्हणजे तिथे काय बोलायचं असतं ते मला कळत नाही आणि कुणीतरी सोबतीला असलेलं बरं, म्हणून नेलं. बूट दाराशी काढून आत गेलो आणि बाबा थबकलेच. समोरच्या भिंतीवर ओळीने शिंगं, कवटीसकट. अबू नासरांनी तरुणपणी युरोपातल्या डोंगरांत जाऊन मारलेली हरणं, आपल्या सांबराएवढी थोराड, पण शिंगांना झाडासारखे फाटे. बाबा सलाम-दुआ काही न करता सरळ मधल्या जोडीपाशी गेले, चष्मा कपाळावर चढवला आणि बोट वर करून मोजायला लागले. माझं कॉन्ट्रॅक्ट त्याच सुमारास रिन्यू व्हायचं होतं, हे इथे सांगून ठेवतो.

"बारा," लोडाला रेलून बसलेले अबू नासर म्हणाले. तरुणपणी त्यांचं मुंबईला जाणं-येणं असे, हिंदी तिथलंच. "बारा है वो. सबसे बड़ा."

"ग्यारा," बाबा मागे न वळता म्हणाले.

मी मागून बाबांचा सदरा ओढला. काही उपयोग झाला नाही.

"बारा!"

"ग्यारा है जी. इधर छे, उधर पाँच. ये जो बारीक दिख रहा, ये गिनती में नहीं आता." आणि बोटातली पोवळ्याची अंगठी काढून त्यांनी ती त्या बारक्या उंचवट्यावर अडकवली.

त्यांच्या वडिलांचा नियम होता तो. शिंगावरचा दिसेल तो फुगवटा म्हणजे टोक नव्हे. शिकारी मंडळी फुशारकीत फुगवट्यांनाही धरतात, म्हणून अंगठी अडकवून बघायची. टिकली तर टोक, घसरली तर नुसती गाठ. इथे अंगठी घसरली. घसरली ती फरशीवर टण्णकन पडली आणि घरंगळत कोचाखाली गेली. मग मी, अंगात ईदसाठी घातलेला ब्लेझर, कंपनीच्या मालकासमोर पोटावर पालथा पडलो आणि कोचाखालून ती काढली. माझ्या मोज्याला टाचेशी भोक आहे, ही माहिती त्या दिवशी सगळ्या ऑफिसला झाली.

मी बाहेर आलो तेव्हा अबू नासर पोट धरून हसत होते. मग त्यांनी आपली बाजू मांडली. त्यांना शिकारीला नेणाऱ्या तिकडच्या वाटाड्याने शिकवलेली मोजणी वेगळीच होती. दोन्ही शिंगांपैकी ज्याला जास्त टोकं ते धरायचं आणि त्याची दुप्पट करायची. एका बाजूला सहा आणि दुसरीला पाच असली तरी प्राणी बाराचाच, फक्त त्याला 'विषम बारा' म्हणायचं. "एक साइड लड़ाई में टूटा, या बीमारी में कम आया," अबू नासर म्हणाले, "उसमें जानवर का क्या गलती? अच्छा साइड गिनो."

"ऐसा कैसा जी?" बाबा म्हणाले. "जो है वो गिनो. गिनने से नया आ जाएगा क्या?"

मी मनातल्या मनात कॉन्ट्रॅक्टला निरोप दिला. पण अबू नासरांनी कहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा, छोटा कप स्वतः बाबांच्या हातात दिला आणि म्हणाले, "गुरुवार को आओ. अंदर और भी है. सब गिनो."

परत येताना मी गाडीत म्हटलं, "बाबा, बारा म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?" बाबांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. "तुमी पोर्टावर पाच डबे असले त सहा लिहिता का?" कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं, हेही सांगतो. नासरनी त्यानंतर भेटीच्या वेळी माझ्याकडे बाबांचीच चौकशी आधी करायला सुरुवात केली आणि कामाची नंतर.

तेव्हापासून दर गुरुवारी खाली गाडी यायची. वैशालीने ड्रायव्हरला बजावून ठेवलं होतं, दारातून दारात, मध्ये कुठे चालायचं नाही. बाबा जाताना मुकाट असत आणि येताना बोलत येत. जेवताना सगळी हकीकत. अबूजींकडची कुठली जोडी विषम, कुठली सरळ, कुठे अबूजींनी अंगठी टिकावी म्हणून हळूच बोटाने आधार दिला आणि बाबांनी तो कसा पकडला... आमची लेक ईरा इंग्रजी शाळेतली, मराठी कळतं पण उत्तर इंग्रजीत. तीसुद्धा फोन बाजूला ठेवून ऐके. हरणाची शिंगं दरवर्षी गळून पडतात आणि नवी येतात हे ऐकून ती म्हणाली, "सो एव्हरी इयर ही स्टार्ट्स फ्रॉम झिरो?"

"हो माय, झिरोपासून." मग बाबांनी तिला सगळं समजावलं. नव्या शिंगावर आधी मखमलीसारखी लव असते. वयात येताना नुसती काटकी, मग फाटे वाढत जातात, भर वयात सगळ्यात जास्त. आणि म्हातारपणी पुन्हा कमी. "म्हणून टोकं पाहून वय सांगणारा शिकारी कच्चा. टोकं चढतेत तशी उतरतेत. वय पाहाचं त शिंगाचं बूड पाहा. थे काही बारीक होत नाई."

"अँड हाऊ मेनी डू यू हॅव, आबाजी?"

बाबांनी दोन्ही पंजे कानशिलांना लावून बोटं पसरली. "होती माय, भरपूर होती. आता उतरून राहिली." आणि मान पुढे करून म्हणाले, "पण बूड पाय!" ईराने खरोखर त्यांची मान चाचपून पाहिली आणि म्हणाली, "सॉलिड." त्या दिवशी वैशालीसुद्धा हसली होती. पण ताटं उचलताना मला म्हणाली, "गुरुवार सोडला तर बाकी आठवडा बाल्कनीच ना?"

बाबा गेले ते झोपेतच. आजारपण नाही, हॉस्पिटल नाही, कुणाला काही करायला लावणं नाही. सकाळी ईरा शाळेत जाताना "बाय आबाजी" म्हणायला त्यांच्या खोलीत गेली आणि तशीच उलट्या पावली आली... बाकीचं इथे लिहीत नाही. आपल्या माणसाला परक्या देशातून मायदेशी नेण्याची धावपळ ज्यांनी केली आहे त्यांना ते सांगायला नको. त्या धावपळीत वैशाली एकदाही रडली नाही. परतीच्या विमानात मात्र खिडकीकडे बघत म्हणाली, "मी आणलं नसतं तर रानाजवळ तरी गेले असते. दोन वर्षं सोफ्यावर बसवून ठेवलं मी त्यांना." मी म्हटलं, तसं नाही, बाबा इथे मजेत होते. "कशावरून?" तिने विचारलं. मला ते पक्कं माहीत होतं. पण कशावरून, ते काही सांगता येईना. आणि सांगता येत नसलं की मी जास्त बोलतो. शेवटी ती म्हणाली, "तू जरा गप्प बस ना." तेव्हापासून तो 'कशावरून' आमच्या घरात तसाच होता. ती स्वयंपाक करायची, ऑफिसला जायची, पण बाल्कनीचं दार तिने उघडलं नव्हतं.

त्या गुरुवारी गाडीत मी हिंदी वाक्यं जुळवत बसलो. 'बहुत दुख के साथ' अशी सुरुवात केली तर फारच रेडिओसारखं वाटत होतं. बंगल्याशी गाडी वळली तर अबू नासर वॉकर धरून फाटकाशीच उभे, जायच्या तयारीत. मी उतरलो. त्यांनी माझ्या खांद्यावरून गाडीत डोकावून पाहिलं.

"बाबा किधर?"

जुळवलेलं सगळं विसरलो. "बाबा नहीं उठे," मी म्हणालो. "एक महीना हुआ."

त्यांना एवढ्यावरच कळलं. ओठांतल्या ओठांत त्यांनी दुआ म्हटली आणि वॉकर सोडून तिथेच पायरीवर बसले. मीही शेजारी बसलो. मग त्यांनी विचारलं, "तकलीफ?" मी म्हटलं, "नहीं. नींद में." "अल्हम्दुलिल्लाह," ते म्हणाले. मग माझ्या खांद्यावर भार देऊन उठले आणि ड्रायव्हरला हाक मारली. "बैठो गाडी में. मैं अकेला नहीं जाएगा."

मला वाटलं जवळच कुठे मशिदीत वगैरे जायचं असेल. गाडी शहराबाहेर पडली, अल खोरच्या रस्त्याला लागली, मग डांबर सोडून त्यांच्या शेताच्या फाटकातून आत गेली. आत बोरीची झाडं, पाण्याचे हौद, लांबलचक जाळीचं कुंपण. ऊन उतरलं होतं. कुंपणापलीकडे काहीतरी हललं, आणि अंगावर पांढरे ठिपके दिसले. मी रानातला माणूस नाही, नाशिकचा आहे, पण चितळ मलाही ओळखता येतं. चितळं! कतारमध्ये! चांगला छोटा कळप, मधोमध शिंगं मिरवणारा नर.

मग अबू नासर सांगत गेले. मजलिसमधली मोजणी फार दिवस चाललीच नव्हती. एका गुरुवारी बाबा त्यांना म्हणाले, अबूजी, मेलेल्या शिंगांवर किती भांडायचं, जिवंत असेल तर दाखवा. अबू नासरांनी कुठूनशा पाळीव कळपातून ही चितळं आणवली. त्यानंतर दर गुरुवारी दोघं इकडेच येत होते. बाबा कुंपणाच्या कडेकडेने चालायचे, त्या पार टोकाच्या बोरीपर्यंत आणि परत, काठी घेऊन, रेतीतून. अबू नासर गुडघ्यांमुळे गाडीतून हळूहळू मागे. बाबा चालता चालता हाका मारून सांगायचे, कोणती मादी गाभण आहे, कोणत्या पाडसाला पाय दुखतोय. नराची शिंगं गळली तेव्हा दोघं लहान पोरांसारखी ती शोधत फिरले होते. मग मखमल आली, आणि तेवढ्यात अबू नासर ऑपरेशनला गेले. पूर्ण झाली की एकत्र मोजायची असं ठरलं होतं.

"अभी पूरा हुआ," ते म्हणाले. "तुम गिनो."

मी जाळीला नाक लावून मोजलं. तो मान हलवत होता. "सात," मी म्हणालो.

"कान गिना तुमने," अबू नासर म्हणाले. चितळाला एका बाजूला तीनच, दोन्ही मिळून सहा, त्याहून जास्त सहसा येत नाहीत, हे बाबांनी त्यांना केव्हाच शिकवलं होतं. "इसमें झगड़ा नहीं. जो है वो गिनो, छे. अच्छा साइड गिनो, छे." आणि डोक्यावरच्या गुत्र्याच्या, म्हणजे अरबी रुमालाच्या, टोकाने त्यांनी डोळे टिपले. मग एकदम हसून कुंपणाच्या वळणाकडे बोट दाखवलं. "उधर एक बार गिर गया था बाबा. पूरा, ऐसे. मेरा तो जान निकल गया. वो लेटा-लेटा हँस रहा. बोला, अबूजी, नरम है, चंद्रपूर का बाथरूम कड़क था. बेटी को मत बोलना." घरी सोडायच्या आधी ड्रायव्हर बाबांचे बूट झटकून द्यायचा, हेही त्यांनीच सांगितलं. मी ड्रायव्हरकडे पाहिलं. त्याने आकाशाकडे पाहिलं.

घरी आलो तेव्हा वैशाली जेवणाच्या टेबलाशी बसली होती. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं, चितळं, कुंपण, बोर, गळलेली शिंगं, माझे सात.

"चितळ? खरंच?"

"खरंच. मी पाहिली."

"आणि बाबा चालायचे? रेतीत? एकटे?"

"त्या टोकापर्यंत. आणि परत."

"आणि पडले?"

"हो... पण नरम होतं म्हणे. हसले म्हणे."

"तुला माहीत होतं?"

"आईशप्पथ नाही."

ती उठून उभी राहिली. मला वाटलं आता रडेल. पण तिच्या चेहऱ्यावर राग होता, चांगला लखलखीत राग, महिन्याभरात पहिल्यांदाच स्वतःला सोडून दुसऱ्या कुणावर तरी. आणि इतकी वर्षं दोह्यात जपलेली शुद्ध भाषा बाजूला टाकून माझी बायको बाल्कनीच्या दाराकडे बघत अस्सल चंद्रपुरीत कडाडली,

"लबाड बुढा! मी इथं दोन वर्षं जीव टांगून बसली, आन् हा तिकडं रेतीत चितळं मोजून राहिला होता!"